लवंग बाद, धणे संशयित: एसनहून परतल्यावरची नोंद

लवंगेची पद्धत फसली. पिल्स्नरमध्ये (साध्या, फिकट बिअरमध्ये) लवंगपाण्याचे थेंब घालून नाक तयार करण्याचा उद्योग मागच्या नोंदीत लिहिला होता, त्यावर बऱ्याच जणांनी "आता बेल्जियममधल्या एसनच्या ख्रिसमस बिअर महोत्सवात जाऊन दाखव" असं म्हटलं. गेले. ख्रिसमस बिअरमधली लवंग मसाल्याच्या डब्यातली की यीस्टची, हे नुसत्या वासावर सांगता येत नाही, निदान माझ्या नाकाला तरी नाही.

एसनबद्दल पुन्हा लिहीत बसत नाही. अँटवर्पच्या उत्तरेचं, डच सीमेलगतचं तेच गाव, डिसेंबरातला तोच हॉल, 'ओबेर'वाल्यांचा (तिथल्या बिअर चाखणाऱ्यांच्या मंडळाचा) तोच शिस्तीचा कारभार आणि फक्त बेल्जियन हिवाळी बिअर. आमच्याकडून, आइंडहोवनहून, रोझेन्डालला गाडी बदलली की आलंच. या वेळी भावोजी अँटवर्पला कामासाठी आले होते, त्यांना मदतीला धरलं. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून बसायचं, त्यांनी टोकन देऊन ग्लास आणायचा, नाव आपल्या वहीत लिहायचं आणि तोंड मिटून बसायचं. पहिल्या दोन गोष्टी त्यांना उत्तम जमल्या.

प्रमाणाचं आधी सांगते, कारण नवखे इथेच आपटतात. चाखायचा ग्लास 15 सेंटिलिटरचा, दिसायला एवढासा. पण बिअर 10 टक्क्यांची असेल तर त्यात जवळपास 12 ग्रॅम अल्कोहोल गेलं, आणि बेल्जियममध्ये एक प्रमाण (स्टँडर्ड ड्रिंक) धरतात 10 ग्रॅमचं. म्हणजे 'नुसतं चाखणं'सुद्धा अख्ख्या पेगाच्या वर. म्हणून एक ग्लास दोघांत, दोन-तीन घोट, बाकी बादलीत. ओतताना जीव तुटतो, पण इलाज नाही. चीजचे तुकडे मी बंद केले. जिभेवर चरबीचा थर बसतो आणि पुढचा ग्लास अर्धा मुका होतो. त्यापेक्षा ज्वारीच्या अळणी लाह्या. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मूठभर मागून घेतल्या आणि मग आणखी मूठभर.

आता मूळ दुखणं. लवंगेला वास देणारं युजेनॉल आणि फिनॉलवालं (लवंगेसारखा वास बनवणारं) यीस्ट जे 4-व्हिनाइल-ग्वायाकॉल सोडतं, ते एकमेकांची चुलत भावंडं. धान्यातल्या फेरुलिक ॲसिडचं यीस्ट हे रूपांतर करतं, त्यासाठी ब्रूअरला डबा उघडावाही लागत नाही. घरी पिल्स्नरमध्ये फरक कळत होता, कारण तिथे दुसरं काही नव्हतं. इथे 10 टक्क्यांची गडद बिअर, कॅरॅमल, मनुका आणि वर अल्कोहोलची ऊब. त्या गर्दीत लवंग कुणाची, कोण सांगणार? युजेनॉलने जीभ किंचित बधिर होईल अशी आशा होती (दाढदुखीला लवंग धरतो, ते आठवून). बिअरमध्ये ते इतकं कमी असतं की काही होत नाही.

बरं, लवंग सोडा, धण्यांवर जाऊ म्हटलं. भावोजींनी एक फिकट सोनेरी ग्लास आणला. वर घट्ट पांढरा फेस, वासाला लिंबू, गवत आणि स्वच्छ ताजे धणे. मी 'मसाला' असा शेरा मारला. वही उघडली तर द्युपाँ ब्रूअरीची 'आव्हेक ले बाँ व्हू', साडेनऊ टक्क्यांची, आणि लेबलावर मसाल्याचं नाव नाही! चिडून तासभर त्यावरच डोकं घातलं. धण्यांचा मुख्य वास लिनालूलचा, आणि लिनालूल हॉप्समध्येही (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमध्येही) असतं. म्हणजे जिथे हॉप्स मोकळ्या हाताने घातलेत तिथे धणे पुरावा म्हणून चालत नाहीत. बडीशेपेचंही तेच. यीस्टने बनवलेलं इथाइल हेक्सानोएट हे एस्टर (फळांच्या वासाचं संयुग) सफरचंदाबरोबर बडीशेपेची झाक देतं.

यातून एक चांगलं निघालं. 'मसाला आहे का?' हा प्रश्न सोडला आणि 'यीस्ट, हॉप्स, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) यांना जे बनवता येत नाही ते इथे आहे का?' हा धरला. दालचिनीचा सिनामाल्डिहाइड त्यांच्या आवाक्यातला नाही. थाईमचाही ठसका वेगळा. पुढचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून गरम होऊ दिला. थंड असताना नुसती गोड होती. ऊब लागल्यावर नाकामागून थाईम आला, ओव्याच्या जवळचा, आणि मागे संत्र्याची साल. मी न वळता "नाईस शूफ" म्हटलं, म्हणजे थाईम घातलेली हिवाळी बिअर. भावोजी म्हणाले, "काय गं, आरसा लावलायस का कुठे?" त्या दिवसाची सगळी कमाई एवढीच, पण ती मी पुढचे कित्येक महिने पुरवून खाणार आहे.

'स्टिले नाख्त'ने मात्र नेहमीप्रमाणे पाणी पाजलं. 12 टक्के, मसाला शून्य, तरी मध, आंबूस फळं आणि शेवटी मिरीसारखं काहीतरी. याउलट 'खाउडन कारोलुस ख्रिसमस'मध्ये ब्रूअरीच्याच सांगण्यानुसार सहा प्रकारच्या वनस्पती आणि मसाले, आणि मला खात्रीने एकही वेगळा काढता आला नाही. उत्तम मुरलेला मसाला ओळखू येत नाही, हे आपल्या गोड्या मसाल्यावर वाढलेल्या माणसाला नव्याने सांगायला नको. लेबलंही फार मदत करत नाहीत. बिअरमध्ये 1.2 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असेल तर युरोपीय नियमाने घटकांची यादी सक्तीची नाही, आणि जे देतात तेही बऱ्याचदा नुसतं 'क्राउडन' (डचमध्ये मसाले, वनस्पती) लिहून मोकळे होतात.

पुढचा बेत ब्रुजच्या फेब्रुवारीतल्या बिअर महोत्सवाचा होता. तो रद्द. त्याऐवजी घरीच एक वॉर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) दोन बरण्यांत. मॅशला (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टला) 45 अंशांवर थांबा द्यायचा, म्हणजे फेरुलिक ॲसिड भरपूर सुटेल. एका बरणीत टी-58 (फिनॉलवालं यीस्ट), मसाला नाही. दुसऱ्यात यूएस-05 (फिनॉल न सोडणारं यीस्ट) आणि लवंगेचा काढा. मग तीन ग्लासांची चाचणी: दोन सारखे, एक वेगळा. यीस्ट या वेळी दुसरीकडून घेणार. ज्या ऑनलाइन दुकानातून आजवर घेत होते त्यांनी मुदत संपत आलेली पाकिटं पूर्ण भावात पाठवली, आणि तक्रारीला उत्तर म्हणून सवलतीचं कूपन.

लिहिता लिहिता सुचलं: तिसरी बरणीही हवी, यूएस-05 आणि फक्त धणे. आणि धणे पुण्याहून आणलेले. इथे मिळणारे मोरोक्कन धणे गोल, आपले लांबट आणि वासाला लिंबाकडे झुकणारे. बिअरसाठी मला आपलेच बरे वाटतात. पण लिनालूलचाच घोळ तपासायचा तर धण्यांसमोर हॉप्स हवेत, म्हणजे चौथी बरणी. माझ्याकडे बरण्या तीनच. आइंडहोवनच्या आसपास कुणाकडे पाच लिटरची रिकामी असेल तर कळवा, एअरलॉकसकट (वायू बाहेर सोडणाऱ्या, हवा आत न घेणाऱ्या झडपेसकट) असली तर उत्तम.