फ्लेक्सवरचं ‘वर्हाड’

ग्रंथालय सेवकांच्या पुढच्या कार्यशाळेसाठी वक्त्यांची नावं सुचवा, असा निरोप ग्रंथालय संघाकडून आला. मी एकच नाव कळवलं. उलट विचारणा आली, “यांची पात्रता?” मी लिहिलं : बारावी, ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण, संगणकावरचं मराठी टंकलेखन. त्यानंतर सगळं गप्प. आता कळतंय की विषय ठरला, पाहुणेही ठरले, आणि ते गेल्या खेपेचेच आहेत. राग आला असं नाही म्हणणार, पण हा विषय डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना वाटतं, सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे सरकारी नोकरी. तसं नाही. १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली आमची ग्रंथालयं संस्थांची. शासन अ (मोठी) ते ड (सगळ्यात लहान) अशा वर्गाप्रमाणे अनुदान देतं, तेही हप्त्यांनी. आम्ही सेवक संस्थेचे. आमच्या प्रश्नांवर शासनाची प्रभा राव समिती झाली, पत्की समिती झाली, वेतनश्रेणी तेवढी व्हायची राहिली. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. त्यातले निम्मे पगाराला. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय ड वर्गात सेवक एकटाच असतो, तो कार्यशाळेला आला की गावातल्या वाचनालयाला कुलूप. ‘इतके कमी लोक का येतात’ असं मंचावरून विचारणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही.

तर मी कळवलेलं ते नाव मला गेल्या खेपेला भेटलं. त्या दिवशी आमच्या जिल्ह्याच्या गावी एकदिवसीय कार्यशाळा होती. दीपप्रज्वलन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, सत्कारमूर्तींची सत्काराला उत्तरं. बारा वाजले. मग ‘ग्रंथालये आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’. वक्ते भले माणूस, बोललेही छान, पण पडद्यावरचं सगळं इंग्रजीत, आणि समोरच्या निम्म्या लोकांच्या वाचनालयात संगणकच नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांचा टेबलक्लॉथखाली.

मंचामागे मोठा फ्लेक्स होता. त्यावर ‘वर्हाड’ छापलेलं, ‘ह’च्या डोक्यावर ठळक रफार. फ्लेक्सवाल्याची चूक म्हणून सगळे हसले. माझ्या शेजारचा मुलगा मात्र हसला नाही. पुटपुटला, “जॉइनर उडाला.”

एवढ्या दोन शब्दांनी मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. कारण असं होतं : आमचं ग्रंथालय तालुका अ वर्गाचं. पुस्तकांच्या नोंदी फार पूर्वी जुन्या फाँटमध्ये केलेल्या. मागे एका एजन्सीने पैसे घेऊन त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, करून दिल्या. पडद्यावर सगळं स्वच्छ, लख्ख. पण स्पर्धा परीक्षेचा एखादा मुलगा येऊन ‘शेतकऱ्यांच्या चळवळी’ शोधायचा आणि त्याला फक्त अलीकडे घेतलेली पुस्तकं दिसायची. जुनी कपाटात उभी, आणि संगणक म्हणतो नाहीत. एजन्सीला फोन केला की उत्तर ठरलेलं, “मॅडम, तुमच्याकडे टायपिंग चुकतंय.” आमची लिपिक बिचारी शब्द पुन्हा पुन्हा टाइप करायची. अक्षर न अक्षर बरोबर.

जेवणाच्या रांगेत, आलू-वांग्याच्या भाजीचं ताट एका हातात धरून, त्या मुलाने निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला मला हे समजावलं. तो दिवसा आपले सरकार सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरतो, संध्याकाळी गावचं ड वर्गाचं वाचनालय उघडतो. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ नावाच्या माणसाचे दोन कागद दिसायला सारखे, तरी जुळत का नाहीत, हे त्याने रोजच्या कटकटीतून शोधून काढलेलं. “मॅडम, दिसाले दोन्ही सारखेच हायेत. पण मशीनले ते दोन वेगळे शब्द वाटतात.”

जुने फाँट फक्त दिसणं साठवत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर, जसे छापखान्यात खिळे जुळवावेत तसे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणून रूपांतर करताना ही उलटापालट करावी लागते. आणि ‘शेतकऱ्यां’मधला अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, तोच त्याचा ‘जॉइनर’. एजन्सीच्या प्रोग्रॅमने दुसरी रीत वापरली, आमची लिपिक पहिल्या रीतीने टाइप करते. पडद्यावर दोन्ही एकच. त्यातून ते जोडचिन्ह कुठे गळालं तर रफार डोक्यावर चढतो, फ्लेक्सवर झालं तसं. ॲचं पण तेच. कुणी एकच अक्षर टाइप करतं, कुणी अ वर वेगळा चंद्र देतं. आमच्या लेखकसूचीत ‘ॲड.’ लावणारे निम्मे वकील ‘अ’पाशी होते आणि निम्मे ‘ह’च्याही पुढे, अगदी शेवटी. इतकी वर्षं ती यादी मी पाहत होते आणि सॉफ्टवेअरला बोल लावत होते.

मी त्याला आमच्याकडे बोलावलं. रविवारी एसटीने आला. कशालाही हात लावण्याआधी त्याने बॅकअप घेतला, एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या मेलवर. तीच गोष्ट मला सगळ्यात आवडली. मग नोंदी एक्सेलमध्ये काढल्या. त्या अदृश्य चिन्हाला ८२०५ हा क्रमांक आहे. युनिकॅर या फंक्शनला तो आकडा दिला की चिन्ह हाती लागतं. ‘र, हलन्त, ८२०५’ दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घाल, असं सूत्र त्याने एका ओळीत लिहिलं आणि रकाना खाली ओढला. चहा येईपर्यंत ते काम संपलं. एजन्सीने याच दुरुस्तीसाठी वेगळं दरपत्रक पाठवलं होतं, त्याची आठवण झाली.

खरं काम पुढे होतं. जिथे जोडचिन्ह गळून रफार झाला होता, तिथे सूत्र चालत नाही. सूर्य, कार्यालय, आर्य हे रफाराचेच शब्द, त्यांना धक्का लागता कामा नये. ‘कोपर्यात’ आणि ‘वार्यावर’ मात्र दुरुस्त करायचे. म्हणजे यादी डोळ्यांनी वाचायची. एक तो वाचायचा, एक मी. ‘दर्या’ आला तेव्हा दोघंही थांबलो. समुद्र की डोंगरातल्या दऱ्या? नावावरून कळेना. दाखलअंक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) बघून कपाटातून पुस्तक काढलं, तर मुखपृष्ठावर गलबत. दर्या तसाच ठेवला. ‘आचार्यांचे’ तर आणखी बेरकी. एक खरे आचार्य निघाले, दुसरं पुस्तक लग्नाच्या स्वयंपाकाचं, म्हणजे आचाऱ्यांचं. त्यावर तो इतका हसला की वाचनकक्षातले आजोबा पेपर खाली करून बघायला लागले.

दुरुस्त नोंदी परत सॉफ्टवेअरमध्ये घातल्या आणि संध्याकाळी ‘शेतकऱ्यांच्या’ टाकून पाहिलं. जुनी-नवी पुस्तकं एका यादीत आली. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे रंगनाथनांचं चौथं सूत्र. कार्यशाळेत त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

कार्यकारिणीपुढे मी त्याच्या मानधनाचा विषय ठेवला. “बाहेरच्या माणसाला कशाला? तुम्ही शिकून घ्या ना,” असं एक संचालक म्हणाले. एसटीचं भाडं मंजूर झालं. बाकीचं मी कसं दिलं ते सांगायची गरज नाही. पैसे कुठेच नाहीत, हेही खरं नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांमध्ये चर्चासत्रं, कार्यशाळा यांनाही साहाय्य आहे. पण अशा कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नावापुढे ‘डॉ.’ हवं, असं आमच्याकडे न लिहिता ठरलेलं आहे. तो मुलगा मुक्त विद्यापीठातून पदवी करतोय. पुढे ग्रंथालयशास्त्र करशील का म्हणून विचारलं तर म्हणाला, “करीन, पण काहून? पगार तं तेवढाच ना.” मला उत्तर देता आलं नाही.

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. त्यांचंही काम त्याच एजन्सीने केलेलं, तक्रारही तीच. मी मुलाला विचारून त्याचा नंबर दिला आणि मानधन आधी ठरवून घ्या असं दोघांनाही बजावलं. रात्री त्याचा मला मेसेज : त्या मॅडमच्या जुन्या फाइलींतल्या फाँटचं नाव काय हाये, ते आधी विचारून सांगा, आणि फोन सातनंतर करायला सांगा, तोवर वाचनालय चालू असते.