तिरका बांबू

कर्जतहून लोकल पकडली तेव्हा अजून उजाडायचं होतं. सातवीची अठरा मुलं, मी आणि शाळेतल्या मावशी. रविवार, म्हणजे मेगाब्लॉकच्या आत सीएसएमटी गाठायला हवी.

या सहलीचं कारण होतं एक गोठा. गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाचा गोठा वादळात आडवा झाला. मी बघायला गेले होते. एकही बांबू चिरला नव्हता, एकही वासा मोडला नव्हता. आतला खण काढलेली काडेपेटी बोटाने दाबावी तसा अख्खा सांगाडा एका अंगावर चेपला होता. "बाई, बांबू तर भक्कम होते," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. भक्कम असणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं, हे त्या चिखलात उभं राहून त्याला सांगवेना.

फोर्टात रविवारचा शुकशुकाट होता. एका जुन्या इमारतीला डागडुजीसाठी परांची बांधत होते. उभे बांबू, आडवे बांबू आणि त्या सगळ्यांना छेदत वर गेलेले लांबच लांब तिरके. मी खालूनच विचारलं, "दादा, हे तिरके कशाला?"

"ताई, तो काढला तर सगळी परांची झुलंल," दोरीची गाठ आवळत ते म्हणाले.

मुलांना तिथेच फुटपाथवर बसवलं. पिशवीतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या काढल्या. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यांत टाचून दाबला की लगेच कलंडतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात पाचवी, जरा लांब पट्टी टाचली, की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि मग कितीही दाबा, हलत नाही. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचे कोन बदलूच शकत नाहीत. रेल्वेच्या लोखंडी पुलांत आणि फलाटांवरच्या छपरांच्या कैच्यांत हेच त्रिकोण असतात. गोठ्यावाला मुलगा काही बोलला नाही. त्याने ती पट्टी चारदा काढली, चारदा लावली.

दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या दगडी कमानींखाली दोघींना समोरासमोर उभं केलं. तळवे एकमेकींना टेकवायचे आणि पाय मागे मागे न्यायचे. थोड्याच वेळात पाय घसरायला लागले. मग दोघींच्या टाचांमागे एकेकीने पाऊल रोवलं आणि कमान उभी राहिली! दगडी कमानीतही असंच असतं. पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात, वरचा भार बाजूंनी खाली उतरतो, पण पायथ्याशी तो बाहेरही ढकलतो. ते ढकलणं पेलायला शेजारी जाड भिंत किंवा दुसरी कमान लागते. "म्हणून एकीला लागून एक कमानी आहेत!" हे मुलींनीच शोधलं. मला इतका आनंद झाला की सगळ्यांना वडापाव दिला.

गेटवे, १९२४ सालचा, २६ मीटर उंच. गर्दीमुळे तिथे नुसते फोटो काढले. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर पाहिला आणि चर्चगेटहून दादर गाठलं.

दादर चौपाटीवरून वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर दिसतो. २००९ साली खुला झालेला, ५.६ किलोमीटर लांब. वांद्र्याच्या बाजूचा उंच मनोरा सव्वाशे मीटरच्या वर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना अडीच-अडीचशे मीटरचा रस्ता केबलांनी पेलला आहे. मी एका मुलीच्या उजव्या हातात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची पिशवी दिली. ती तिकडे झुकली. डाव्या हातात तेवढीच जड दुसरी पिशवी दिल्यावर ती ताठ झाली. "आता खांद्यात ओढ लागतेय आणि पायांवर वजन येतंय," ती म्हणाली. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. केबल ताणल्या जातात, मनोरा दाबला जातो, दोन्ही बाजूंची ओढ सारखी म्हणून तो कलत नाही आणि सगळा भार पायातून समुद्राखालच्या खडकात उतरतो.

परतीच्या गाडीत बहुतेक मुलं झोपली. गोठ्यावाला मुलगा मात्र वहीत काहीतरी काढत होता. कल्याण गेल्यावर त्याने वही माझ्यापुढे धरली.

"बाई, तिरका एकाच बाजूला बांधला तर चालेल?"

"नाही रे. वारा कुठूनही येतो. चारही बाजूंना निदान एकेक हवा."

त्याने चित्रात रेघा मारल्या, मोजल्या आणि म्हणाला, "चार बांबू आहेत घरी."