तुम्ही विचारलंत म्हणून : सारखं इंडोनेशियाच का?

कमी पैशांतल्या सिनेमाचा विषय निघाला की मी इंडोनेशियाची उदाहरणं देतो. मग हमखास प्रश्न येतो : इराण आहे, केरळ आहे, तुम्ही तिकडे कुठे पोचलात?

एडी चाह्योनोच्या 'सिती'मुळे पोचलो. २०१४चा सिनेमा. जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहराजवळ, परांगत्रितिसच्या किनाऱ्यावर सिती राहते. नवरा होडीच्या अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला, वर होडीचं कर्ज. दिवसा ती बारीक खेकड्यांचे पेयेक, म्हणजे कुरकुरीत तळलेला खाऊ विकते, रात्री कराओके बारमध्ये काम करते. त्या कामापायी नवऱ्याने तिच्याशी बोलणंच टाकलंय. ती त्याचं सगळं करते, तो गप्प. सिनेमा कृष्णधवल, चौकट जुन्या टीव्हीसारखी ४:३. त्या चौकटीत सितीला कूस बदलायलाही जागा नाही असं वाटत राहतं. खर्च सुमारे १५ कोटी रुपिया, म्हणजे तेव्हाचे आपले सात-आठ लाख. शूटिंग सहा दिवसांचं, भाषा जावानीज. २०१५ला त्यांच्या राष्ट्रीय महोत्सवात हाच सर्वोत्कृष्ट ठरला.

आपल्याकडे लघुपट करणारी मुलं भेटली की पहिली चर्चा कॅमेऱ्याच्या भाड्याची. मला हे मनापासून खटकतं. गोष्ट कुठे घडते आणि माणसं कशी बोलतात, हे आधी ठरायला हवं.

वाह्यू आगुंग प्रसेत्योच्या 'तिलिक' या इंडोनेशियन लघुपटात ते ठरलेलं दिसतं. गावातल्या बायका सरपंचबाईंना बघायला शहरातल्या इस्पितळात निघाल्यात, मालवाहू ट्रकच्या हौद्यात उभ्यानं. त्यांतली बू तेजो वाटभर एका तरुण मुलीबद्दल कुचकुच करते. जवळजवळ सगळा सिनेमा त्या हौद्यात. सेट नाही, पण हलता रस्ता, वारा आणि बायकांची जीभ आहे! २०२०च्या ऑगस्टमध्ये तो यूट्यूबवर आला आणि देशभर बू तेजोच्या नकला सुरू झाल्या.

हे निव्वळ जिद्दीवर झालं नाही, हेही सांगायला हवं. 'तिलिक'ला योग्याकार्ताच्या सांस्कृतिक खात्याने पैसा दिला होता. २००६पासून तिथे आशियाई सिनेमाचा महोत्सव भरतो, त्यामुळे असे सिनेमे बघणारा प्रेक्षकही घडलाय. त्याआधी हुकूमशहा सुहार्तोंच्या काळात चार दिग्दर्शकांनी परवान्यांशिवाय, चोरून 'कुल्देसाक' चित्रित केला. तो लागला १९९८मध्ये, सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर.

तुम्ही 'तिलिक'पासून सुरुवात करा, अर्ध्या तासाचा आहे. पोलीस ट्रक अडवतो आणि सगळ्या बायका त्याच्यावर तुटून पडतात, तो प्रसंग दोनदा बघा. दुसऱ्यांदा फक्त कॅमेरा कुठे ठेवलाय तेवढं बघा.