खांबाजवळची जागा

मी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेलं संगीत, ऐकायला ज्या तळघरात जातो, त्याच्या मधोमध एक खांब आहे. वरची इमारत खाली येऊ नये म्हणून घातलेला. पुढेमागे इथे कुणी गिटार घेऊन उभं राहील, हे बांधणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार. खांबाच्या उजवीकडे उभं राहिलं तर खर्जाची गिटार वाजवणारा बेसवाला दिसत नाही आणि डावीकडे राहिलं तर ड्रमर दिसत नाही. (बेसवाला दिसला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही, असं बेसवालेच म्हणतात, मी ऐकीव सांगतोय.) बरीच वर्षं मी डावीकडेच उभा राहतो. तिथे पाठ टेकता येते, पुढच्या पोरांची ढकलाढकली सुरू झाली की आडोसा होतो आणि गिटारवाल्याची बोटं जेमतेम सात फुटांवर असतात. खांबाचा त्या बाजूचा रंग माणसाच्या खांद्याच्या उंचीला पार उडालाय. त्यात माझ्या शर्टांचा वाटा मोठा आहे.

मी लवकर जातो. कार्यक्रम आठचा असेल तर साडेसहाला. लोक हसतात, पण मला साउंड चेक बघायला आवडतो. माइकसमोर उभं राहून एक जण ‘चेक, वन, टू’ म्हणत असतो. ‘थ्री’ म्हणणारा मला अजून भेटायचाय. ड्रमर एकच ढोल पाच मिनिटं धपाधप बडवत बसतो. त्याच्याखाली एक कळकट गालिचा असतो, आणि तो शोभेसाठी नसून पायाने वाजवायचा मोठा ढोल प्रत्येक ठोक्याला पुढे सरकू नये म्हणून असतो, हे मला तिथेच कळलं. आणि साउंडवाला मागे कपाळाला आठ्या घालून बसलेला. त्याची अडचण खरी असते. रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेला आवाज हॉल भरला की बदलतो, कारण माणसं आवाज पितात. अंगं आणि अंगावरचे कपडे वरच्या सुरांतला करकरीतपणा शोषून घेतात. त्यामुळे आज किती डोकी येतील याचा अंदाज बांधून त्याला बटणं फिरवावी लागतात.

एका रात्री त्याने साठ-सत्तर धरले होते आणि आम्ही आलो अकरा. बँडमध्ये पाच. आवाज शेवटपर्यंत करकरीतच राहिला. अकरा जण पिऊन पिऊन किती पिणार! त्या रात्रीची खरी पंचाईत टाळ्यांची होती. अकरा जणांत प्रत्येकाची टाळी वेगळी ऐकू येते, वाजवणाऱ्यांनाही ऐकू येते, त्यामुळे हात आखडता घेण्याची सोयच नाही. मी हात लाल होईपर्यंत वाजवल्या. गाणाऱ्याने मध्येच ‘थँक यू, मागचे चष्मेवाले’ म्हटलं, आणि मागे चष्मेवाला मी एकटाच होतो.

ब्लूज पहिल्यांदा ऐकणाऱ्याची ठरलेली तक्रार असते : सगळी गाणी सारखीच आहेत. आहेतच. बारा बारचा (चार मात्रांचं एक घर म्हणजे बार) एक फेरा, तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), आणि शब्दांची रचनाही बहुतेक वेळा ठरलेली. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. बाराचोक अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. आवर्तन मोजत समेची वाट बघायची सवय असलेल्या कानाला यात परकं काही वाटू नये. समेला मान हलते तशी इथेही हलते. उलट साचा पाठ झाला की आपलं लक्ष साच्यावरून उडतं आणि हा माणूस आज त्याच बारा घरांत काय करतोय, याकडे जातं. अकराव्या बारला गाणारा हनुवटी जराशी वर करतो, म्हणजे अजून एक फेरा. भुवया उडवल्या, म्हणजे आता थांबायचं. हे सगळं सात फुटांवरून दिसतं. एकदा ड्रमरला भुवया दिसल्या नाहीत. बाकीचे थांबले आणि हा एकटाच पुढे निघाला, दोन बार गेला, मग हे आपल्या मनातच होतं अशा थाटात त्याने तिथे सोलो ठोकून दिला. मला खांबाआडून त्याचा चेहरा दिसला नाही, पण सोलोतली घाई ऐकू आली.

हे संगीत इतकं मोठ्याने का वाजवतात, असं मला घरी नेहमी विचारलं जातं. त्याचं उत्तर बरंचसं अशाच छोट्या जागांमध्ये आहे. ब्लूजचा गायक-गिटारवाला मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतली शेतमजुरी सोडून शिकागोला आला, तेव्हा त्याच्याकडची गिटार साधी, विनाविजेची होती. गावाकडे ती पुरायची. शिकागोच्या साउथ साइडमधल्या गुत्त्यांत मात्र लोक दिवसभराच्या कामानंतर येऊन तारस्वरात बोलत बसायचे आणि त्या कलकलाटात गिटार कुणाच्या कानापर्यंतच जाईना. म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. पुढे त्याच्या बँडमधल्या लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गन आणि माइक दोन्ही एकाच ओंजळीत धरून आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पमधून असा काही फुंकला की ते वाद्य सॅक्सोफोनच्या तोंडाला लागलं. म्हणजे इलेक्ट्रिक ब्लूजचं थोडं श्रेय गाणं चालू असताना मोठमोठ्याने गप्पा मारणाऱ्या लोकांना द्यावंच लागतं. तो वंश आजही टिकून आहे. त्यातला एक जण दर वेळी नेमका माझ्या शेजारी येतो आणि दर गाण्याला ‘हे ओरिजिनल नाहीये हं’ असं सांगतो. मडी वॉटर्सच्या आठवणीने मी त्याला माफ करतो.

आता ठेंगण्या छताचंही असंच. लंडनजवळच्या हॅरोमध्ये, रेल्वे हॉटेल नावाच्या ठिकाणी १९६४ साली ‘द हू’ या रॉक बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड वाजवत असताना त्याच्या गिटारचा दांडा चुकून छतावर आपटला आणि मोडला. लोक फिसकन हसले. तो भडकला आणि त्याने उरलेली गिटारही तिथेच फोडून टाकली. पुढे गिटार फोडणं हा त्याच्या कार्यक्रमाचा भाग होऊन बसला. छत हातभर उंच असतं तर किती गिटारी वाचल्या असत्या, कोण जाणे. आमच्या तळघराचं छतही तसंच आहे, पण आमचे लोक सबुरीचे. बेसवाल्याच्या बेसचं टोक वरच्या दिव्याला लागतं तेव्हा तो आधी दिव्याकडे बघून ‘सॉरी’ म्हणतो.

छोट्या जागेतली आणखी एक कटकट म्हणजे गुरगुर. गिटारच्या तारांखालचं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं तारेची थरथर पकडतं, तशीच आसपासच्या वायरिंगमधली विजेची गुरगुरही पकडतं. जुन्या धाटणीच्या एकेरी वेटोळ्याला हा रोग फार. (दोन उलटसुलट वेटोळी शेजारी बसवून गुरगुरीनेच गुरगुर कापायची युक्ती १९५० च्या दशकात निघाली, पण एकेरीवाल्यांना तो आवाज गुळगुळीत वाटतो.) मग गिटारवाला काय करतो, तर दोन गाण्यांच्या मध्ये जागच्या जागी हळूहळू गोल फिरतो, मोबाइलला रेंज शोधतात तसा. एक कोन असा सापडतो की गुरगुर एकदम निवळते. तो कोन नेमका भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याचा निघाला, तर पुढचं अख्खं गाणं तो लोकांकडे पाठ करून वाजवतो. नव्या लोकांना वाटतं, काय तंद्री लागलीये!

गेल्या खेपेला तार तुटली. संथ ब्लूज चालला होता, अगदी सेकंदकाट्याच्या चालीने. म्हणजे एक फेरा ४८ सेकंदांचा. गिटारवाला स्थूल, चष्मेवाला, दिवसा कुठल्यातरी टेबलामागे बसत असावा असा. मींड घेताना तार बोटाने बाजूला रेटतात, सूर वर चढत जातो. त्याने तिसरी तार रेटत रेटत पार शेजारच्या तारेखाली नेली, डोळे मिटले आणि ‘टण्’. तार सुटून मनगटावर बसली. असल्या वेळी ब्लूजमधला मोठा गिटारवाला बी. बी. किंग याची आठवण यायचीच. १९८५ साली इलिनॉयमध्ये शेतकऱ्यांच्या मदतीसाठी झालेल्या फार्म एडच्या मंचावर त्याची तार तुटली, तर त्याने गाता गाता ती बदलली, गाणं थांबू दिलं नाही. एरवीही त्याला गाणं आणि वाजवणं एकाच वेळी जमायचं नाही, हे तो स्वतःच सांगायचा. त्या दिवशी त्या उणिवेचं सोनं झालं. आमच्या माणसाकडे मुळात जादा तारच नव्हती. त्याने गिटार पुढ्यात धरून आम्हा लोकांकडे असं पाहिलं, जसं काही आमच्यातल्या कुणीतरी ती तोडलीये.

पुढच्या रांगेतल्या एका पोराने दप्तरातून तारांचं पाकीट काढून दिलं. तोवर बेस आणि ड्रम थांबले नव्हते. आणि मग संध्याकाळभर कोपऱ्यात चुळबुळत बसलेला माउथ ऑर्गनवाला (त्याच्या भाषेत हार्प) पुढे आला, किंवा पुढे ढकलला गेला म्हणा. त्याच्या कमरेच्या पट्ट्यात वेगवेगळ्या स्केलच्या सात-आठ हार्प खोचलेल्या. गाणं ई मध्ये असलं की हा ए ची काढतो, कारण त्यात फुंकण्यापेक्षा श्वास ओढण्यावर भर येतो आणि ओढलेल्या श्वासात सूर वाकवता येतो. पहिला फेरा त्याने चाचपडत काढला. दुसऱ्यात डोळे मिटले. तिसऱ्यात आमच्या शेजारचा ‘ओरिजिनल’वाला गप्प झाला. खाली गुडघ्यावर बसलेला गिटारवाला खुंटी पिळतोय, तारेचं उरलेलं टोक कापायला पक्कड नाही म्हणून ते मिशीसारखं लोंबतंय, आणि वर हा माणूस एकेक श्वास असा ओढतोय की जणू हॉलमधली हवा त्याला एकट्याला हवीये. सहा फेरे झाले. मी मोजले.

सातव्याला गिटार परत आली. नवी तार ताणली जाईपर्यंत सतत उतरत राहते, तशी हीही उतरत होती. जुळवायला वेळ नव्हता. मग तो प्रत्येक सुराला तिला थोडं जास्त रेटून जागेवर आणत होता, म्हणजे सरळ वाजवायचा सूरही मींडेनेच घेत होता. काही सूर पोचले, काही अलीकडेच राहिले. घरी येऊन मी तेच गाणं मोठमोठ्या लोकांनी वाजवलेलं ऐकलं. उत्तम आहे. पण त्या जागेवर आलं की माझा कान तार तुटायची वाट बघतो, आणि ती तुटत नाही.

एकदा मी मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमालाही गेलो होतो. मंचापासून शंभरेक मीटर लांब. ड्रमवर स्टिक पडलेली पडद्यावर आधी दिसायची आणि ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने यायचा, लांबच्या धोबीघाटावर कपडा आपटताना दिसतो आणि आवाज मागून येतो तसा. दोन तास मी त्या फटीतच अडकलो होतो. बाकी कार्यक्रम चांगला झाला म्हणतात.

तळघराचा एक दोष मात्र मान्य केला पाहिजे, तो म्हणजे कान. शंभर डेसिबलचा आवाज दिवसाकाठी पंधरा मिनिटांच्या वर ऐकू नये असं तज्ज्ञ सांगतात, आणि आमच्याकडे पहिलं गाणंच पंधरा मिनिटं चालू शकतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात रातकिडे. शेवटी मी फोमचे बोळे आणले आणि लाजत लाजत, केसांआड लपवून घातले. मध्यंतरात ड्रमर बाहेर आला तर त्याच्याही कानात बोळे, चांगले भडक नारिंगी. तेव्हापासून मी केस मागे घेतो.

तार तुटली त्या रात्री दिवे लागले, लोक पांगले आणि मी नेहमीप्रमाणे रेंगाळलो. गिटारवाला केबल कोपर-अंगठ्यावर गुंडाळत होता. तुटलेली तार गालिच्यावर पडली होती, ती मी उचलून खिशात टाकली, कशासाठी ते विचारू नका. तेवढ्यात मागून आवाज आला, “काका, जरा त्या बाजूनं धरता का?” ड्रमर. विशीतला पोरगा, घामाने चिंब. चार स्पीकरचं ते खोकं दोघांनी जिन्यावरून वर न्यायचं होतं. इतकी वर्षं ज्याच्यासमोर उभा राहतोय ते एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं. जिना अरुंद, मी खालच्या बाजूला, म्हणजे वजन सगळं माझ्याकडे.

अर्ध्यावर तो दम खायला थांबला.

“दुसऱ्या गाण्यात माझ्या हातातली स्टिक उडाली,” तो म्हणाला. “एका हातानं काढला अख्खा फेरा. दिसलं ना तुम्हाला?”

मी डावीकडे उभा होतो, खांबाला पाठ लावून. हे त्या जिन्यात, छातीवर खोकं घेऊन, कुठे सांगत बसणार?

“दिसलं की,” मी म्हणालो. “छान सावरलंस.”

पोरगा खूश झाला. वर पोचल्यावर खोकं टेकवून त्याने हात झटकले आणि म्हणाला, “अजून एक आहे खाली.”