पंधराचा निळा

मे महिन्यातल्या एका दुपारी दारव्ह्याहून दिग्रसकडे निघालो असताना गाडीतला रेडिओ एकाएकी मुका झाला. चार्जर लावायच्या सॉकेटमधला बारीक दिवाही त्याच क्षणी मालवला. एकमेकांशी काही देणेघेणे नसलेल्या दोन गोष्टी एकदम बंद पडल्या, की दोघींच्या मागे बहुधा एकच फ्यूज असतो, हे मला ठाऊक होते. तो आताच का उडावा, हे मात्र कळेना. मागे वळून पाहिले, तर सात वर्षांचा नातू दोन्ही हात मांडीखाली दाबून, अतिशय सज्जन चेहरा करून बसला होता. त्याने चार्जर उपसून सॉकेटच्या भोकात चार आणे टाकले होते. गेंड्याचे चित्र असलेले ते स्टीलचे नाणे त्याला आजीच्या डब्यात सापडले होते. ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालेल्या, शेंगदाण्याचा एक दाणाही विकत घेऊ न शकणाऱ्या त्या चार आण्यांनी सॉकेटच्या तळाचा आणि कडेचा धातू एकमेकांना जोडून माझ्या गाडीचा एक फ्यूज मात्र झटक्यात वसूल केला होता.

आपण ‘फ्यूज उडाला’ असे म्हणतो. झोप उडते, रंग उडतो, लग्नात बार उडतात. फ्यूज बिचारा जागचा हलतसुद्धा नाही, पण उडतो.

फाट्यावरच्या कडुनिंबाखाली गाडी उभी केली. किल्ली काढून खिशात ठेवली आणि सवयीने बोटातली अंगठीही काढली. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. पण बॅटरीचा प्रवाह अंगठीतून गेला, तर ती क्षणात लाल होऊन बोट भाजू शकते. स्टिअरिंगखालच्या फ्यूजपेटीचे झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो, आणि तो वाचायला चष्मा लागतोच. रंगांची भाषा मात्र चष्म्याविना कळते: दहा अँपियरचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, तिसाचा हिरवा. प्लॅस्टिकच्या चिमट्याने निळा फ्यूज सरळ ओढून काढला आणि उन्हाकडे धरला. आतली यू आकाराची पट्टी मधोमध तुटून दोन्ही टोकांना काळी पडली होती. कधीकधी ही चीर इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, आणि मग फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टेस्टर दिवा लावून पाहावे लागते. इथे तशी गरज नव्हती. नवा फ्यूज बसवण्याआधी ते नाणे बाहेर काढणे भाग होते, कारण ते आत असताना नवाही त्याच वाटेने गेला असता. लिंबाच्या काडीच्या टोकाला गुळाचा चिकट खडा लावून मी ते वर काढले, आणि त्या कारागिरीचा मला उगीचच अभिमान वाटला.

पंचाईत पुढेच होती. झाकणातल्या राखीव फ्यूजांमध्ये एक दहाचा होता, एक वीसचा होता, पंधराचा नव्हता. फाट्यावरच्या गॅरेजमधला पोरगा हात पुसत आला, त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, “पंधराचा माह्याजवळबी नाही काकाजी. वीसचा आहे नं तुमच्यापाशी, तोच टाकून देतो. पाचानं काय होते?” मी गप्प पाहून त्याने भर घातली, “नाही तर तार मारून देतो. आयुष्यभर पाह्याचं काम नाही.”

पाचाने काय होते, हे मला त्या रणरणत्या उन्हात त्याला सांगता आले नाही, कारण त्याचे उत्तर आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत होते.

आमच्या लहानपणी दिवाळीनंतर त्या खोलीत माणसांना जागा उरत नसे. १९७२ साली एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घ्यायची पद्धत, सुरू झाली होती, आणि केंद्रावर गाडीचा नंबर लागेपर्यंत वेचलेला कापूस घरातच थांबत असे. पुढच्या खोलीत तो आढ्यापर्यंत चढायचा. आम्ही पोरे त्यात कंबरेपर्यंत रुतून उड्या मारायचो, अंगाला सरकीचा कोमट वास लागायचा, आणि आई ओरडायची. त्याच खोलीच्या भिंतीवर लाकडी फळी होती. तिच्यावर काळा मेन स्विच आणि पांढऱ्या चिनी मातीचे दोन किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे ठोकळे.

फ्यूज गेला, की बाबा आधी मेन स्विच खाली पाडायचे. मग फळीखालचा कापूस दोन हात मागे सारून, ती जागा झाडून घेऊन, कोरडा लाकडी पाट मांडायचे आणि त्यावर उभे राहायचे. मला बॅटरी धरायचे काम असे. देव्हाऱ्याच्या खणातून पुठ्ठ्याला गुंडाळलेली फ्यूजची तार निघायची. एका स्क्रूभोवती उजवीकडून वेढा, कारण त्यामुळे स्क्रू आवळताना तार बाहेर न सरकता आत ओढली जाते. मग खाचेतून सैलसर दुसऱ्या टोकाला. ताणली तर ती बारीक होते आणि नको तेव्हा तुटते. “बॅटरी हलवू नको बे,” एवढेच ते मधूनमधून बोलायचे. एकच तार, कधी दुहेरी नाही. त्यांचे ते रोजचे सोपस्कार मला फार कंटाळवाणे वाटत, कारण आमच्याहून चार घरे पलीकडे राहणाऱ्या एका काकांचा फ्यूज वर्षानुवर्षे जातच नसे. त्यांनी वायरमधल्या तांब्याच्या तीन लडी पिळून किटकॅटमध्ये बसवल्या होत्या, आणि बाबांना ते मोठ्या प्रेमाने भित्रा म्हणायचे.

फाल्गुनात एका रात्री त्यांच्या भिंतीतली वायर आतल्या आत तापली आणि कापसाने पेट घेतला. माणसे, बैल, सगळे वेळेवर बाहेर निघाले. पण कापसाची आग वरून विझली तरी पोटात धुमसत राहते, आणि ती गंजी दोन दिवस धूर काढत होती. तिसऱ्या दिवशी बाबांबरोबर मी तिथे गेलो. राखेत तो किटकॅट पडला होता. चिनी माती काळी पडली होती, आणि आत तांब्याच्या तिन्ही लडी जशाच्या तशा होत्या. बाबांनी तो उचलला, पाहिला आणि काकांना दिसू नये असा पुन्हा राखेत सारून दिला. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

गाडीतल्या त्या वाटेवरची तार पंधरा अँपियरच्या बेताने निवडलेली असते. तिच्यावर वीसचा पहारेकरी बसवला, तर मधल्या पाचांच्या वेळी तो झोपलेला असतो आणि वेष्टण वितळू लागते ते डॅशबोर्डच्या मागे, जिथे कुणाची नजर पोचत नाही. उलट खालच्या आकड्याचा फ्यूज तात्पुरता चालतो. फार तर तोही उडेल. म्हणून मी दहाचा लाल बसवला. तो रेडिओपुरता टिकला असता; पण नातवाने चार्जरची पिन पुन्हा खुपसली, तर काय घ्या, म्हणून मी तोही काढून ठेवला, आणि आम्ही दिग्रसपर्यंत मुक्याने गेलो. हा अतिरेक होता, हे मला मान्य आहे.

दिग्रसला स्पेअर पार्टच्या दुकानात चहाच्या पैशांत पंधराचे निळे फ्यूज मिळाले. दोन घेतले. नवा बसवल्यावर लगेच उडाला, तर तिसरा शोधत बसायचे नाही. दोष वायरीत असतो आणि मग गाडी इलेक्ट्रिशियनच्या दारात न्यायची, हा माझा नेम आहे. स्टिअरिंगखाली आता अंधार झाला होता, म्हणून नातवाला मोबाइलची बॅटरी धरायला लावली. “हलवू नको बे,” मी म्हणालो. निळा फ्यूज टक् करून बसला, किल्ली फिरवली, आणि रेडिओ एका गाण्याच्या अर्ध्या ओळीवर बोलू लागला.

“आबाजी, माझे चार आणे?”

जळालेला फ्यूज मी नेहमीप्रमाणे पानाच्या रिकाम्या डबीत टाकला. आता त्यात अकरा झाले असून ते का जमवतो, हे मला घरी आजवर पटवून देता आलेले नाही. चार आणे मात्र मी त्याला दिले नाहीत.