पत्रवाचनाची वेळ

आमच्या श्रोता मंडळाचा मेळावा दरवर्षी २३ जुलैच्या जवळच्या रविवारी सांगलीत भरतो. १९२७ साली याच तारखेला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, म्हणून हा दिवस. भर पावसात मेळावा कशाला, असं विचारणारे दरवर्षी निघतात. पण रेडिओची खरी किंमत कळते ती याच महिन्यात. २०२१ला याच दिवसांत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेवर गेलं होतं. पुरात वीज जाते, मोबाईलचं चार्जिंग संपतं, दोन सेलवरचा ट्रान्झिस्टर मात्र बोलत राहतो. तेव्हा तारीख बदलायची नाही. जत, आटपाडीची मंडळी पहिल्या एसटीनं वेळेवर पोचतात आणि गावातलेच सभासद चहाच्या वेळी येतात, हे मात्र लागतं मनाला.

दीपप्रज्वलन, अहवाल, सत्कार अर्ध्या तासात उरकतात. तोवर निम्मी मंडळी दाराजवळ मांडलेल्या जुन्या सेटांभोवतीच असतात. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा सेट तापायला अर्धा मिनिट घेतो, नवखा माणूस तेवढ्यात बटणं पिळायला लागतो. सारखी घुमघुम येत असेल तर फिल्टर कंडेन्सर गेला समजावं. स्टेशन बदलतंय पण काटा हलत नाही, म्हणजे डायलचा दोरा घसरला. हल्ली नवीच तक्रार असते, खरखरीची. ती बहुतेक वेळा एलईडी बल्बची किंवा चार्जरची असते. सेट त्यांच्यापासून लांब न्यावा आणि जागच्या जागी फिरवून बघावा. आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटची अँटेना, आडवी असते, त्यामुळे सेटचं तोंड किंवा पाठ केंद्राकडे आली की आवाज भरतो, कड आली की बसतो. एका सेटच्या काचेवर १२५१ किलोहर्ट्झच्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. ते आमचं सांगली केंद्र, १९६३चं. चष्मा नसतानाही ते सापडावं म्हणून कुणीतरी लावलेला हा ठिपका आम्ही पुसू देत नाही.

मग पत्रवाचन. सगळा मेळावा यासाठीच असतो, असं म्हटलं तरी चालेल. निवृत्त निवेदक सभासदांनी जपलेली फर्माईशीची जुनी पोस्टकार्डं वाचतात. आदल्या संध्याकाळी ते ती गाण्यांप्रमाणे लावतात आणि आडनावांवर पेन्सिलीनं खुणा करतात, कारण नाव चुकलं तर ते घर वर्षभर विसरत नाही. टाचणी नाही, पिन नाही. वाचलेलं कार्ड उलटत नाहीत, अलगद बाजूला सरकवतात, म्हणजे माइकात कागद वाजत नाही. माइक वीतभर लांब आणि जरासा तिरका, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटका बसतो. ‘कवठेमहांकाळहून...’ एवढं म्हणून ते क्षणभर थांबतात. मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहतं. कधी पत्र लिहिणारा, कधी त्याची सून. त्या थांबण्यात सभागृहात पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही.

त्यानंतर बोलायचा मान साताऱ्याकडच्या ज्येष्ठांचा. १९५६ साली पुणे केंद्रावरून रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला, त्यात तेव्हाचा उत्तर सातारा जिल्हाही होता. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम. गावानं एकत्र बसून ऐकायचा, चर्चा करायची, प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं ते सगळं ऐकवलं जातं, तेव्हा आमचं मंडळ उगाच जमलेलं नाही असं वाटतं.

मदतीला धावणाऱ्यांची नोंद व्हायलाच हवी. वीज गेली तर जनरेटर घेऊन येणारे मंडपवाले, भाडं न घेणारे साउंडवाले दादा, सेट दुरुस्त करणारे मिरजेचे कारागीर, पोहे करणाऱ्या काकू आणि त्यांच्या दोघी जावा, निमंत्रणाचे पत्ते लिहिणारी कॉलेजची मुलं, व्हॉल्व्ह वेगळे काढून पोत्यात गुंडाळलेले सेट घरपोच करणारे रिक्षावाले. आणि हो, सभागृहाचे शिपाईमामा. ज्या कार्डाला कुणी उभं राहत नाही, ते तेच कपाटात वेगळं ठेवतात. पुढच्या वर्षी वाचन त्याच कार्डापासून सुरू होतं.