मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव?

“इबू, माझं नाव तिथे लिहू नका. हे घर माझं नाही.”

असं म्हणून त्याने माझ्या हातातला फॉर्म हलकेच खाली केला. त्याच्या गमबुटांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता. सहा आठवडे तो याच घरातला गाळ फावड्याने उपसत होता. त्याच्या कुटुंबपत्रकावर कुटुंबप्रमुख म्हणून त्याचंच नाव छापलेलं, वीस वर्षांचा संसार इथलाच. आणि तरी घर त्याचं नाही. “मी इथला सुमांडो,” तो म्हणाला. म्हणजे बायकोच्या घरी राहायला आलेला जावई.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, पेशाने इंजिनिअर. जून 2024 अखेर एका मदतसंस्थेच्या नुकसान-पाहणीसाठी इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या तानाह दातार जिल्ह्यात होते. मारापी ज्वालामुखीच्या उतारावरची ही नगारी. नगारी म्हणजे आपली नगरीच, शब्द संस्कृतातला. पण इथे तो स्वतंत्र गावाला वापरतात. 3 डिसेंबर 2023 रोजी मारापीचा उद्रेक झाला आणि त्यात 24 गिर्यारोहक गेले. वरच्या उतारांवर राख साठून राहिली. 11 मे 2024 च्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि ती राख, वाळू, म्हशीएवढाले धोंडे सगळं ओढ्यांतून खाली आलं. या लोंढ्याला इथे गालोदो म्हणतात. जिल्ह्या-जिल्ह्यांत मिळून साठावर माणसं गेली.

माझं काम त्या मानाने साधं होतं. घर आणि शेत बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा आणि फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात मालकाचं नाव लिहायचं. त्या दिवशी तो रकाना दुपारी चारपर्यंत कोराच होता.

सुमांडोने आम्हाला वर नेलं. रुमाह गदांग, म्हणजे मोठं घर, जमिनीपासून उंच खांबांवर उभं असतं. दोन्ही टोकांना म्हशीच्या शिंगांसारखं वर वळलेलं छप्पर. पूर्वी ते ताडवर्गातल्या झाडाच्या काळ्या धाग्यांनी शाकारत, या घरावर पत्रे होते. लोंढा खांबांच्या मधून गेला म्हणून घर वाचलं. भाताचं कोठार वाहून गेलं आणि तळाशी बांधलेल्या दोन खोल्यांच्या भिंती पडल्या.

चटईवर आजी बसल्या होत्या. त्यांना सगळे नेनेक म्हणत होते. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, त्या वंशशाखेचे दातुक, म्हणजे प्रमुख. घरातल्या तरुण मुली त्यांना मामाक म्हणत होत्या. मामाक म्हणजे मामा, शब्दही तसाच आणि मानही तसाच. इथल्या मिनांगकाबाऊ समाजात मुलांना घराणं आईचं मिळतं, आणि घराण्याच्या जमिनीची राखण आईचा भाऊ करतो. त्यांच्यात म्हण आहे: मुलाला मांडीवर घ्यावं, भाच्याला हाताला धरून चालवावं. पुरुष स्वतःच्या कमाईतून पोटच्या मुलांना वाढवतो. ती कमाई त्याच्यामागे इस्लामी वारसाहक्काने वाटली जाते, हे 1952 मध्ये बुकितिंग्गी शहरात उलेमा आणि घराण्यांच्या प्रमुखांनी एकत्र बसून ठरवलं. पूर्वजांकडून आलेली जमीन मात्र त्या वाटणीत येत नाही. ती आईकडून लेकीकडे जाते, आणि तुकडे न होता जाते.

“मग शेताचे मालक तुम्ही?” मी दातुकना विचारलं.

ते नाही म्हणाले. नेनेककडे पाहिलं, तर त्याही नाही म्हणाल्या. माझी सहकारी मुलगी बुकितिंग्गीची. तिने मला त्यांच्या बोलीतलं वचन सांगितलं: पाणी प्यावं, फळ खावं, झाडाचं खोड राहू द्यावं. फळ खाण्याचा हक्क नेनेकचा आणि त्यांच्या लेकींचा. खोड सगळ्या शाखेचं. त्यात गेलेले आहेत आणि अजून जन्माला न आलेलेही.

फॉर्मला हे कसं सांगायचं, या विचारात मी होते, तेवढ्यात जिन्यावरून एक निवृत्त शिक्षिकाबाई वर आल्या. त्या दुसऱ्या घराण्यातल्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. ओलीने शाई पसरली होती, पण अंगठे आणि सह्या स्पष्ट होत्या. नदीकाठचं ज्या शेताचं नुकसान मी मोजायला आले होते, ते 2006 पासून त्यांच्याकडे गहाण होतं. रक्कम रुपियात, म्हणजे इथल्या चलनात, नव्हती, सोन्यात होती. 10 अमेह. एक अमेह अडीच ग्रॅमचा, म्हणजे 25 ग्रॅम सोनं. रुपिया किती का घसरेना, घेतलं तेवढंच सोनं परत द्यायचं.

घराण्याची जमीन विकता येत नाही. गहाण टाकायलाही रूढीने चारच कारणं दिली आहेत. मोठं घर गळायला लागलं, उपवर मुलीचं लग्न अडलं, घरात मृतदेह आहे आणि पुरायला पैसा नाही, किंवा घराण्याच्या प्रमुखपदाचा रिकामा पडलेला मान पुन्हा उभा करायचा आहे. नेनेकनी बोट वर केलं. छपरावरचे पत्रे त्या 25 ग्रॅममधून आले होते.

गहाणानंतरही शेत नेनेकची थोरली लेकच कसत होती. निम्मं भात शिक्षिकाबाईंना, निम्मं या घराला. आता त्या शेतावर कमरेएवढे धोंडे होते. मग नुकसान कुणाचं लिहू? कसणारीचं, गहाण घेणारीचं, की घराण्याचं?

माझ्या सहकारी मुलीने हळूच एक मुद्दा काढला. इंडोनेशियाच्या 1960 च्या कायद्यानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त गहाण राहिलेली शेतजमीन एकही पैसा न देता मूळ धन्याला परत करायची असते. इथे तर अठरा वर्षं झाली. कायद्याने गहाण संपलेलंच होतं. ती बोलली आणि घर गप्प झालं. शिक्षिकाबाईंनी मान खाली घातली. त्यांना हे ठाऊक होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

नेनेक म्हणाल्या, “आम्ही या पत्र्यांखाली झोपतो. सोनं देणं आहे.”

मग शिक्षिकाबाई म्हणाल्या, शेतात पुन्हा भात उभं राहीपर्यंत मी सोनं मागणार नाही. कागदावर काही चढलं नाही. दातुकनी पानसुपारीचं तबक दोघींच्या मध्ये सरकवलं आणि दोघींनी एकेक पान उचललं. कोर्टकचेऱ्यांत भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालताना पाहिलेली मी, हे दहा मिनिटांत मिटताना पाहत होते. इथे भांडणं होत नाहीत असं नाही. जमिनीचे दावे इथेही असतात. पण त्या दोघींचा शब्द मला आजही पुरा वाटतो.

नेनेकनी मला विचारलं, तुझ्या घराण्याचं शेत कोण सांभाळतं?

मी खरं ते सांगितलं. वडील गेल्यावर 2011 मध्ये मी आणि ताईने भावासाठी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. 1994 पासून महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क आहे, हे आम्हा दोघींना माहीत होतं. पण माहेर तुटायला नको, एवढंच तेव्हा मनात होतं. सहकारी मुलीला हक्कसोड या शब्दासाठी त्यांच्या बोलीत शब्द सापडेना. तिने बराच वेळ समजावून सांगितलं. नेनेकनी डोळे बारीक करून ऐकलं आणि विचारलं, “किती सोन्याला? आणि सोडवून कधी घेणार?”

त्यांना ते गहाणच वाटलं होतं. लेकीने जमीन कायमची सोडून द्यावी, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. घशात काहीतरी अडकलं, आणि मी फॉर्मवर वाकले.

मालकाच्या रकान्यात मी शेवटी घराण्याचं नाव लिहिलं, दातुक राखणदार म्हणून, खाली कसणारी लेक आणि गहाणदार बाई दोघींची नावं. पुरावा म्हणून रांजी हवी होती, म्हणजे वंशावळ. दातुकनी ती पाण्याच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, दोन्ही तोंडं बंद करून ठेवली होती. गाळातून तो पाइप तिसऱ्या दिवशी सापडला. आतला कागद कोरडा होता. चटईवर उलगडला तेव्हा सात पिढ्यांच्या बायकांची नावं एकाखाली एक उतरत आलेली दिसली. भावांची नावं बाजूला, त्यांच्याखाली रेघ नाही.

मी फोटोसाठी फोन वर धरला. नेनेकनी हाताने थांबवलं. आतल्या खोलीतून त्यांची नात बारा दिवसांची मुलगी घेऊन आली. दातुकनी खिशातून पेन्सिल काढली, कागदाच्या तळाशी एक नवी रेघ ओढली आणि सावकाश, एकेक अक्षर लावून, तिचं नाव लिहिलं.

मग म्हणाले, “आता काढा.”